खांब, तुळई आणि गवताचं छप्पर

हार्लेमच्या ग्रोटे मार्क्टच्या आसपास फिरताना सगळीकडे विटाच विटा दिसतात. पण इथल्या कित्येक जुन्या घरांत विटांच्या दर्शनी भिंतीमागे अजून लाकडाचा सांगाडा उभा आहे. तो समजून घ्यायचा तर आधी खेड्यात जायला हवं. म्हणून आम्ही काही मंडळी आर्नेमच्या खुल्या संग्रहालयात गेलो. तिथे 'लोस हूस' बघायला मिळतं. लोस हूस म्हणजे आत आडभिंती नसलेलं मोकळं घर, मध्ययुगापासून चालत आलेली पद्धत.

रचना सोपी आहे. ओकचे दोन खांब आणि त्यांवर आडवी तुळई. तुळईची टोकं खांबाला पाडलेल्या भोकातून आरपार काढायची आणि बाहेरून लाकडी पाचर ठोकायची. वाऱ्याने सांगाडा कलू नये म्हणून कोपऱ्यांत तिरके टेकू. अशा दोन चौकटींमधली जागा म्हणजे एक खण. आपण गावाकडे 'पाच खणी घर' म्हणतो ना, तेच गणित!

फार पूर्वी खांब जमिनीत पुरत, पण ओलीने त्यांचे बुंधे कुजत. पुढे ते दगडावर, म्हणजे आपल्या भाषेत तळखड्यावर, उभे राहू लागले आणि घरं कित्येक पिढ्या टिकू लागली. छपराचा सगळा भार सांगाड्यावर, त्यामुळे भिंतीला ओझं नाही. काटक्या विणून वर मातीचा गिलावा केला की झालं. हा तर चक्क कोकणातला कूड!

छपराला पाणथळीतलं बोरूसारखं गवत किंवा धान्याचा पेंढा. उतार निदान ४५ अंशांचा, म्हणजे पाणी वरच्या थरावरूनच निथळून जातं. आत दोन्ही बाजूंना गुरं, एका टोकाला माणसं आणि जमिनीवर उघडी चूल. धुराडं नाहीच. धूर छपराजवळच्या झरोक्यातून बाहेर.

उघडी आग आणि वर वाळकं गवत! एकट्या शेतघरात हे निभावलं, दाटीच्या शहरात नाही. हार्लेममध्ये ऑक्टोबर १५७६ च्या आगीत जवळजवळ ५०० घरं गेली. शेजाऱ्याचं छप्पर पेटलं की आपलंही पेटणार, हे डच शहरांना तोवर चांगलंच कळलेलं होतं. म्हणून डेव्हेंटरसारख्या शहरांनी मध्ययुगातच कौलं घालायला घरमालकांना शहराच्या तिजोरीतून पैसे दिले. एकाचं छप्पर ही साऱ्या गावाची काळजी झाली.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर भागातली असंख्य छपरं उडवली. तेव्हापासून दर पावसाळ्याआधी आमच्यातल्या अनेकांना गावच्या घराची काळजी लागते. या पुस्तिकेतून जमणारा निधी कोकणातल्या अशाच घरांच्या छपरांसाठी जाणार आहे. डेव्हेंटरकरांनी जे केलं, तेच आपण इथून करूया. एका छपराचा थोडा भार आपणही उचलूया!