लोणारचें विवर आणि मोठ्या आलेखाचें गणित

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें विवर सुमारें १,८३० मीटर रुंद आणि काठापासून तळापर्यंत सुमारें १५० मीटर खोल आहे. तें ज्वालामुखीनें झालें कीं आकाशांतून कोसळलेल्या अशनीनें, हा वाद पुष्कळ वर्षें चालला. १९७३ सालीं फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील काचरूप कण तपासून अशनीच्या आघाताचा पुरावा ‘सायन्स’ या नियतकालिकांत मांडला. इतक्या मोठ्या खळग्याचा निर्णय इतक्या बारीक खुणांवर लागला. म्हणून अशा स्थळाचें चित्र काढतांना बारकावे गळणें हा केवळ सौंदर्याचा दोष नव्हे; त्यांत पुरावाच पुसला जातो.

समजा, एखाद्या शाळेनें या विवराचा २४ इंच लांब व तितकाच रुंद आलेख भिंतीवर लावण्याचें ठरविलें. २००० सालच्या फेब्रुवारींत ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानावरून रडारनें घेतलेलीं उंचीचीं मोजमापें सर्वांस खुलीं आहेत. तीं ‘आर’ या सांख्यिकी आज्ञावलींत घातलीं, कीं आलेख पडद्यावर उमटतो. ‘आर’चा आरंभ ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं केला, ती विनामूल्य मिळते. परंतु पडद्यावर रेखीव दिसणारा हा आलेख छापून आला, कीं रेषा दांतेरी आणि अक्षरें धूसर! असें कां व्हावें?

संगणकाचें असें चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. आकार न सांगतां ‘आर’कडून पीएनजी चित्र घेतल्यास तें ४८० बाय ४८० पिक्सेलांचें मिळतें. २,४०० मीटरांचा मुलूख त्यांत बसविला, तर समास हिशेबांत न धरतांही एका पिक्सेलाच्या वांट्यास ५ मीटर जमीन येते. विवराचा काठ भोंवतालच्या जमिनीहून सुमारें २० मीटर उंच आहे. त्याच प्रमाणाच्या छेदचित्रांत त्या उंचवट्यास अवघे चार पिक्सेल मिळतील. साठवितांना जें गळलें, तें चित्र मागाहून ताणून परत येत नाहीं.

यास्तव आकार आधीं ठरवावा. जवळून वाचावयाच्या छपाईस इंचास ३०० पिक्सेल पुरतात. २४ इंचांस ७,२०० म्हणजे एकंदर ५,१८,४०,००० पिक्सेल झाले. मात्र केवळ लांबीरुंदी वाढवून भागत नाहीं; इंचास किती पिक्सेल, हेंही ‘आर’ला सांगावें लागतें. न सांगितल्यास ती इंचास ७२ धरते. मग १२ पॉइंटांचें अक्षर १२ पिक्सेलांचेंच राहतें आणि कागदावर जेमतेम एक मिलिमीटर भरतें. ३०० सांगितल्यास तेंच अक्षर ५० पिक्सेलांचें होतें. शेवटीं ‘डेव्ह ऑफ’ ही आज्ञा देऊन चित्र मिटवावें. एरव्हीं तें अपुरें राहतें.

दुसरा मार्ग पीडीएफचा. त्यांत ठिपके नव्हे, तर रेषा कोठून कोठें काढावयाची याच्या सूचना साठविल्या जातात. म्हणून चित्र कितीही वाढविलें तरी कडा फाटत नाहींत. समोच्चरेषांच्या नकाशास हाच मार्ग उत्तम. पण आलेखांत लाखों बिंदू असतील, तर प्रत्येकाची सूचना लिहिली जाऊन चित्र उघडेनासें होतें. तेथें पीएनजी बरें. जेपीईजी छायाचित्रांस योग्य. आलेखांत तें अक्षरांभोंवतीं मळकट डाग पाडतें.

एक सावधगिरी उरते. रडारचीं तीं मोजमापें सुमारें ३० मीटरांच्या अंतरानें आहेत. २,४०० मीटरांत तीं ८०च बसतात. पिक्सेल ७,२०० केले म्हणून जमिनीचें ज्ञान वाढत नाहीं. रेषा व अक्षरें तेवढीं स्वच्छ होतात. तेव्हां भिंतीवरील नकाशाच्या कोपऱ्यांत मोजमापांचें अंतरही लिहावें, म्हणजे पाहणारा विद्यार्थी रेषेच्या रेखीवपणासच जमिनीचें सत्य समजणार नाहीं.