लिफ्ट निवडताना आरसा नको, दार बघा

वरळीच्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या. तिथे जिना हीच लिफ्ट! ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच वरळीत ५५६ कुटुंबांना चाळीस मजली टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एवढ्या उंचीवर लिफ्ट बंद पडली की म्हातारी माणसे घरात कोंडलीच म्हणायची. म्हणून पुनर्विकासाच्या सभेत फरशी आणि ओट्यावर दोन तास भांडणाऱ्या बंधू-भगिनींना विनंती आहे, त्यातला अर्धा तास लिफ्टला द्या.

आमच्या माहितीतल्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावरच्या आजींच्या छातीत रात्री कळ आली. अँब्युलन्स आली, पण स्ट्रेचर काही लिफ्टमध्ये मावेना. शेवटी चार पोरांनी आजींना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवले. लिफ्ट चालू होती, चकचकीत होती, आत आरसासुद्धा होता.

पाटीवर '६ व्यक्ती, ४०८ किलो' असे लिहिलेले असते. माणशी ६८ किलो धरून केलेला हा वजनाचा हिशेब आहे, लांबीचा नव्हे. तेव्हा लिफ्टची आतली लांबी-रुंदी बिल्डरला फुटांत विचारा. निदान एका लिफ्टमध्ये आडवे स्ट्रेचर गेलेच पाहिजे. हे नकाशा मंजूर होण्याआधी विचारायचे. लिफ्टचा चौक एकदा बांधला की तो वाढत नाही. दार ९०० मिलिमीटर रुंद असेल तर चाकाची खुर्ची सहज आत जाते.

जाळीचे दार स्वस्त पडते, पण लहान मुलांची बोटे त्यातच सापडतात. मध्ये हात आला तर मागे सरकणारे स्वयंचलित दार घ्यावे. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारे बॅटरीचे यंत्रही असते, त्याला एआरडी म्हणतात. तिथे काटकसर करू नये.

आता कारकुनी हिशेब. लिफ्टची किंमत एकदाच, देखभालीचा करार मात्र दरवर्षी. साध्या करारात सुट्या भागांचे पैसे वेगळे पडतात, सर्वसमावेशक करारात बहुतेक भाग धरलेले असतात. कोणते धरलेले नाहीत, ते लेखी घ्या. महाराष्ट्रात लिफ्ट चालवायला सरकारी परवाना लागतो. ताबा घेताना त्याची प्रत मागा आणि सोसायटीच्या फायलीत लावा.