सपाट वाटेवरचा मुक्काम
लेखमाला : नदीकाठाने युरोप — लेखांक ६

युरोपियन सायकलिस्ट्स फेडरेशन या महासंघाने आखलेल्या ‘युरोव्हेलो’ या खंडव्यापी सायकलमार्गांच्या जाळ्यातील सहावा मार्ग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरून निघतो आणि लुआर, ऱ्हाइन व डॅन्यूब या नद्यांच्या आधाराने दहा देश ओलांडत, सुमारे ४,४५० किलोमीटरनंतर, रुमेनियातील कॉन्स्टान्ट्सा येथे काळ्या समुद्राला पोहोचतो. मागील लेखांकात या मार्गावर न्यावयाच्या सामानाचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे विश्रांतीचा दिवस, म्हणजे गट पुढे न सरकता एकाच गावी दुसरी रात्र काढतो तो दिवस.

या मार्गाचा सर्वाधिक वर्दळीचा भाग जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नापर्यंतचा, सुमारे सव्वातीनशे किलोमीटरांचा असून एवढ्या अंतरात एकूण उतार जेमतेम दीडशे मीटरांचा आहे. या सपाटपणाचे मूळ जुन्या नौकानयनात आहे. वाफेच्या बोटी येण्यापूर्वी मालाने भरलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध नेण्यासाठी काठावरून घोडे जुंपून दोराने ओढल्या जात आणि त्या घोड्यांसाठी पाण्याला लागून वाट राखलेली असे. ऑस्ट्रियात तिला ‘ट्रेपेलवेग’ म्हणतात. आजचा सायकलमार्ग अनेक ठिकाणी याच वाटेवरून जातो.

सपाट रस्त्यावर विश्रांतीची गरज कमी, हा समज मात्र फसवा आहे. घाटरस्त्यावर चढ दमवतो हे खरे, परंतु तिथे स्वार चढावर उभा राहून पेडल मारतो, उतारावर पाय थांबवतो आणि त्यामुळे शरीराची ठेवण सतत बदलत राहते. नदीकाठी मात्र दिवसाचे पाच-सहा तास पाय एकाच लयीत फिरत राहतात, बैठकीची तीच जागा खोगिरावर घासत राहते आणि हँडलवर टेकलेल्या तळव्यातील मज्जातंतू दाबला जाऊन करंगळी व अनामिका बधिर होऊ लागतात. स्नायूंचे इंधन असलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर, पुरेसा पिष्टमय आहार मिळाल्यास साधारण एका दिवसात भरून निघते. पण घासलेली त्वचा, दुखावलेला स्नायुबंध आणि दबलेला मज्जातंतू यांना रात्रीची झोप पुरत नाही. एकवीस टप्प्यांच्या टूर द फ्रान्स या स्पर्धेतही विश्रांतीचे दोन दिवस असतात, आणि त्या दिवशीही स्पर्धक तास-दोन तास हलकी सायकल चालवतात, कारण सवयीचे श्रम एकाएकी थांबल्यास पाय जड पडतात. सहलीतील गटानेही अशा दिवशी गावात पायी हिंडावे, दिवसभर पडून राहू नये.

गटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. वेगवान स्वार पुढच्या वळणावर थांबतात, पाणी पितात, सावलीत बसतात; सर्वांत संथ सोबती पोहोचतो तेव्हा त्यांचा दम भरून निघालेला असतो आणि गट लगेच निघतो. अशा रीतीने ज्याला विश्रांतीची गरज सर्वाधिक, त्याच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते. म्हणूनच मुक्काम किती दिवसांनी घ्यायचा हे गटाच्या सरासरीवरून ठरवणे अन्यायाचे आहे. ते शेवटच्या स्वाराकडे पाहूनच ठरले पाहिजे.

वार कोणता, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. जर्मनी व ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे झिजलेले ब्रेकपॅड बदलायचे असतील किंवा तुटलेला आरा बसवायचा असेल, तर रविवारचा मुक्काम कामाचा नाही. सोमवारी दुकाने उघडतात, पण अनेक संग्रहालये बंद असतात. जागेची निवडही याच हिशेबाने व्हावी. मेल्क ते क्रेम्स या द्राक्षमळ्यांच्या वाखाउ खोऱ्यात, ज्याला २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, मन रमते; परंतु सुटे भाग, औषधे आणि कपडे धुण्याची सोय व्हिएन्नासारख्या शहरातच हमखास मिळते. बुडापेस्टची उष्णोदकाची स्नानगृहे तर आखडलेल्या पाठीसाठीच असावीत असे वाटते.

दिवसाला सरासरी ७५ किलोमीटर धरल्यास संपूर्ण मार्गाला साठ दिवस लागतात, आणि दर सहा दिवसांनी एक मुक्काम धरल्यास आणखी नऊ. भारतातून जाणाऱ्या गटाने हे एकोणसत्तर दिवस व्हिसाच्या चौकटीतही बसवून पाहावेत, कारण शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि त्यात विश्रांतीचे दिवसही मोजले जातात; प्रत्यक्ष व्हिसा त्याहून कमी दिवसांचाही मिळू शकतो. वाटेतील सर्बिया शेंगेन क्षेत्राबाहेर असल्याने तिथून पुन्हा आत येण्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांची मुभा असलेला व्हिसा लागतो. आखणी करताना उरलेल्या दिवसांना हात लावू नये; सलग पावसाचे किंवा एखाद्याच्या सुजलेल्या गुडघ्याचे दिवस त्यांतूनच काढावे लागतात.