कारखाना कुणाचा?

होस्टेलवर रात्री बारानंतर दोनच विषय चालतात. एक प्लेसमेंट, आणि दुसरा म्हणजे या जगाचं पुढे काय होणार! गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री (म्हणजे खरं तर फाइल लिहायची सोडून) आमच्या रूमवर असाच वाद पेटला. एक जण म्हणाली, "भांडवलशाही संपत आलीय गं. २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली, २०२० ला कोरोनाने सगळं बंद पाडलं, आता उरलेल्या नोकऱ्या एआय खाणार." दुसरी म्हणाली, "मग काय, कम्युनिझम आणणार? १९९१ ला रशियात काय झालं ते माहितेय ना?" मी मध्येच बोलले, "आमच्या कुरुंदवाडकडे तिसरंच काहीतरी आहे." सगळ्या हसल्या. त्या हसण्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी व्याख्या सोपी करून घेऊ. भांडवलशाही म्हणजे नुसता बाजार नव्हे. बाजार तर आमच्या गावात संस्थानी काळापासून भरतोय. भांडवलशाहीत ज्याने पैसे घातले त्याची मशीन, आणि ज्याची मशीन त्याचा नफा आणि त्याचाच निर्णय. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. शंभरातले एक्कावन्न शेअर एकाकडे असले की बाकीच्यांनी चहा पिऊन घरी जायचं!

सहकारात हे समीकरण उलटं आहे. शेअर एक असो की वीस, माणसाला मत एकच. ही पद्धत जगात गाजली ती इंग्लंडमधल्या रॉचडेल गावामुळे. १८४४ मध्ये तिथल्या २८ जणांनी (त्यात बरेच विणकर) वर्गणी काढून वाणसामानाचं दुकान टाकलं. आपल्याकडे सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, तो पतसंस्थांसाठी. आपल्या स्टाफपैकी ज्यांच्या पगारातून पतसंस्थेची वर्गणी कापली जाते, ते सगळे नकळत याच गोष्टीचा भाग आहेत.

आता साखर. ऊस तोडला की त्याच्यातली साखर कमी व्हायला लागते. केमिकलवाल्यांना माहीत आहे, सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. म्हणजे शेतकरी कांद्यासारखा ऊस चाळीत ठेवून भावाची वाट बघू शकत नाही. शिवाय शंभर टन उसातून आमच्या भागात साखर निघते साधारण अकरा-बारा टन, त्यामुळे तो फार लांब नेणंही परवडत नाही. जवळ कारखाना एकच असेल तर तो देईल तो भाव. यावर उपाय काय? कारखानाच शेतकऱ्यांचा करायचा.

हे पहिल्यांदा जमलं ते नगर जिल्ह्यात लोणीजवळ, आजच्या प्रवरानगरला. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी गोळा केले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. १९५० च्या शेवटी गाळप सुरू झालं. पुढे राज्यभर जे कारखाने निघाले, त्यांत थोडं भागभांडवल शेतकऱ्यांचं, काही सरकारचं आणि मोठा हिस्सा कर्जाचा असायचा. आपल्या जिल्ह्यात इचलकरंजीला रत्नाप्पाण्णा कुंभारांचा पंचगंगा, वारणेला तात्यासाहेब कोरे यांचा, आणि आमच्या शिरोळला श्री दत्त असे कारखाने उभे राहिले.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'को-ऑपरेटिव्ह' हा शब्द माझ्यासाठी सिव्हिक्सच्या पुस्तकात होता, एक्झामला पाच मार्कांचा. घरात मात्र तो आबांच्या (म्हणजे आजोबांच्या) ट्रंकेत होता. एका सहकारी कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट, कडा पिवळ्या पडलेल्या. त्या शेअरवर सवलतीची साखर मिळते, वर्षाला छापील अहवाल येतो. लहानपणी मी त्या अहवालाची विमानं करायचे. यंदा दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा तो उघडून वाचला, तोही आबांना अर्थ विचारत विचारत. 'मळी' म्हणजे मोलॅसिस हे मला त्यांनी सांगितलं, आणि बॅलन्स शीट मी त्यांना!

वाचता वाचता मी म्हटलं, "आबा, म्हणजे तुम्ही मालक की हो!"

आबा म्हणाले, "मालक हाय गं पोरी. पन बिलासाठी हेलपाटं घालणारा मालक तू कुटं बघितलास का?"

ते माझ्या सेकंड इयरच्या ॲडमिशनबद्दल बोलत होते. त्या वर्षी उसाच्या बिलाचा राहिलेला हप्ता काही वेळेत आला नाही. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच कारखान्याचं दुखणं नाही. फीची तारीख काही थांबणार नव्हती. शेवटी आजीने दुधाच्या बिलातून साठवलेले पैसे दिले. ते दूधही सहकारी डेअरीलाच जातं बरं का, पण तिथलं बिल दर दहा दिवसांनी हातात पडतं. म्हणजे एकाच घरात एका सहकाराने अडवलं आणि दुसऱ्याने सोडवलं!

कायदा काय सांगतो? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. किमान दर म्हणजे एफआरपी केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. समजा उतारा १२.२५ आला, तर २० × ३.४६ म्हणजे ६९.२० रुपये वाढले. एकूण टनाला ४२४२ रुपये. त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा.

हे वेळेवर मिळावं आणि याहून जास्त मिळावं म्हणून जयसिंगपूरला दरवर्षी राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते. रस्ते अडवले जातात, उसाच्या गाड्या थांबतात. आता गंमत बघा. ज्या शेतकऱ्यांच्या मालकीचे कारखाने, त्यातलेच शेतकरी त्याच कारखान्यांवर आंदोलन करतात. मालकच मालकाविरुद्ध! हे असं का होतं?

मला तीन कारणं दिसतात. पहिलं म्हणजे, कारखाना सहकारी असला तरी साखर विकायची बाजारातच आणि कर्ज काढायचं बँकेकडूनच. साखर पडली की पोत्यांवरची उचल कमी होते आणि बिल अडकतं. म्हणजे सहकार हे भांडवलशाहीच्या समुद्रातलं बेट आहे, भरती आली की पाय भिजणारच.

दुसरं, मत सगळ्यांना आहे, पण वापरतं कोण? निवडणूक आली की पॅनेल, जेवणावळी, भाऊबंदकी. एकदा निवडून आलं की सर्वसाधारण सभेत 'मंजूर, मंजूर' आणि सभा संपली. आबांनीच कबूल केलं की त्यांनी सभेत आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही. "आपन कशाला वाईट व्हायचं?" हे त्यांचं उत्तर. मला वाटतं, सहकाराचा गिअर इथेच स्लिप होतो.

तिसरं कारण सांगायला मला जास्त अवघड जातंय. आमच्या शेतात ऊस तोडायला बीडकडून टोळी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता, लहान मुलं पाचटात खेळतात. कारखाना त्यांच्या घामाशिवाय एक दिवस चालणार नाही. पण ते सभासद नाहीत, कारण सभासद व्हायला ऊस लागतो आणि उसाला जमीन. आबा हेलपाटे घालणारे मालक तरी आहेत. हे तर मालकही नाहीत आणि धड कायम कामगारही नाहीत.

दरम्यान खासगीवाले थांबलेले नाहीत. १९९८ मध्ये साखर उद्योगाचं लायसन्स गेलं आणि आज राज्यात जवळपास निम्मे कारखाने खासगी आहेत. आमच्याच तालुक्यात टाकळीवाडीला गुरुदत्त शुगर्स आहे. इचलकरंजीचा पंचगंगा कारखाना तर रेणुका शुगर्सला भाड्याने चालवायला दिला गेला. शेतकऱ्याचं साधं गणित असतं, जो लवकर तोड देईल आणि वेळेत बिल देईल त्याला ऊस. त्याला दोष कसा द्यायचा? मुलांच्या फीची तारीख त्यालाही असते.

मग सहकार हरला का? मला तसं वाटत नाही. स्पेनमध्ये माँड्रॅगॉन नावाचं गाव आहे. तिथे एका पाद्रीबाबांनी काढलेल्या तंत्रशाळेत शिकलेल्या पाच तरुणांनी (म्हणजे आपल्यासारख्याच!) १९५६ मध्ये कामगारांच्या मालकीचा कारखाना काढला. तिथे जो काम करतो तो मालक. आज त्या कारखान्यांचा मोठा समूह झालाय. पण त्यांचीही घरगुती उपकरणं बनवणारी फागोर ही कंपनी २०१३ मध्ये बुडाली. फरक इतकाच की तिथल्या बऱ्याच कामगारांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांनी सामावून घेतलं. व्यवस्था बुडते का यापेक्षा, बुडाल्यावर माणसांचं काय होतं, ही खरी टेस्ट आहे.

भांडवलशाही संपली, असं लोक दीडशे वर्षांपासून म्हणताहेत. ती भिंतीसारखी एका दिवसात कोसळेल असं मला वाटत नाही. पण तिच्या जागी जे काही येईल त्याला मी तीन प्रश्न विचारेन. मत कुणाला आहे? ते मत वापरलं जातं का? आणि दाराबाहेर कोण उभं आहे? साखर कारखान्याने पहिल्या प्रश्नाचं उत्तर चांगलं दिलं, दुसऱ्यात तो एटीकेटी घेऊन बसला आणि तिसरा पेपर त्याने अजून दिलेलाच नाही.

असो. आबांनी यंदाच्या सभेला जायचं कबूल केलंय. प्रश्न मी कागदावर लिहून दिलेत, त्यातला एक तोडणी टोळ्यांच्या मुलांबद्दलचा आहे. विचारतील की नाही, माहीत नाही.

आणि आपल्या मेस कमिटीची मीटिंग दर महिन्याला असते. मागच्या वेळी आम्ही चौघीच होतो. डाळीत पाणी जास्त आहे अशी तक्रार करणारे मालक मात्र दोनशे आहेत! पुढच्या वेळी याल ना?