लॅपटॉप नवा घ्यावा की डिस्क बदलावी?

रमजानला तीन आठवडे राहिले असता आमचा पुतण्या दुकानी आला आणि गल्ल्याशेजारी बसून राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "चाचा, सत्तर हजार उसने हवेत. लॅपटॉप आता साथ देत नाही."

आम्ही मालेगावात तीस वर्षे कापडाचा धंदा करतो. सत्तर हजारांत कोणता माल किती येतो ते झोपेतही सांगू, पण लॅपटॉपमधले आम्हांस काही कळत नव्हते. म्हणून म्हटले, "पैसे देऊ बेटा, पण आधी दुखणे काय आहे ते सांग."

मुलगा घरीच गाण्याबजावण्याचे रेकॉर्डिंग करतो. वरच्या खोलीच्या भिंती त्याने गाद्यांनी आणि आमच्याच दुकानातल्या उरलेल्या जाड पडद्याच्या कापडाने मढवल्या आहेत. रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरतात त्या दुकानांच्या जाहिराती, लग्नाचे सेहरे, नात, शाळेच्या स्नेहसंमेलनाची गाणी, असे सगळे काम तो घेतो. यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू, त्यामुळे माईक लावण्याचा खरा दिवस शुक्रवार, कारण त्या दिवशी माग बंद. बाकीचे दिवस तबला-हार्मोनियमची साथ चढवणे आणि काटछाट. ईदच्या आधी त्याचा सीझन आपल्या कापडवाल्यांइतकाच जोरात असतो. आपल्या घरांतली बरीच मुले आता या कामाकडे वळली आहेत, म्हणून हा हिशेब येथे मांडत आहोत.

त्याच्या तक्रारी दोन होत्या. रेकॉर्डिंग करताना आवाजात मधूनच करकर येते, ही एक. दुसरी अशी की तबल्याचा संच उघडायला चार-पाच मिनिटे लागतात आणि वाजता वाजता मध्येच सगळे थांबते. दुकानदाराने दोन्हींचे एकच निदान केले होते: लॅपटॉप २०१४ चा आहे, जुना झाला, नवा घ्या. विकणाऱ्याचे निदान असेच असायचे. आम्हीही कधी गिऱ्हाइकाला, "जुनाच सदरा दुरुस्त करा," असे सांगितलेले नाही.

मग त्याच्याकडून समजून घेत आम्ही कागदावर आकडेमोड केली. चांगल्या रेकॉर्डिंगसाठी एका सेकंदात आवाजाची ४८ हजार मापे घेतली जातात आणि प्रत्येक माप २४ बिटचे, म्हणजे ३ बाइटचे असते. एका माईकचे झाले सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट, तासाला सुमारे ५१८ एमबी. आठ माईक एकदम लावले तरी सेकंदाला सव्वा एमबीसुद्धा होत नाही. आणि लॅपटॉपमधली जुनी फिरती हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला ऐंशी-शंभर एमबी सहज लिहिते. म्हणजे बैलगाडीभर जागा आणि त्यात एक गाठोडे. नुसत्या रेकॉर्डिंगला डिस्क कमी पडते हे म्हणणे खरे नाही.

करकर बहुधा दुसऱ्या कारणाने येते. माईकच्या इंटरफेस पेटीचे स्वतःचे ड्रायव्हर घातलेले नसते, किंवा बफरचा आकडा फार लहान ठेवलेला असतो. पुतण्याने तो १२८ होता तो ५१२ केला आणि करकर गेली. खर्च शून्य. गाताना कानात आवाज किंचित उशिरा येतो, तो इंटरफेसमधून सरळ ऐकला की झाले.

तबल्याचे दुखणे मात्र खरोखर डिस्कचे होते. या संचांत प्रत्येक बोलाचे वेगळाले तुकडे रेकॉर्ड केलेले असतात, हजारो. सॉफ्टवेअर प्रत्येकाची सुरुवात मेमरीत ठेवते आणि उरलेला भाग लागेल तसा डिस्कवरून आणते. हार्ड डिस्क म्हणजे एकच हमाल असलेले गोदाम. एका मांडणीवरचे सलग तागे तो भराभर काढील, पण दर वेळी वेगळ्या कोपऱ्यातला एक रुमाल मागितला तर त्याचा दिवस चालण्यातच जायचा. डिस्कचा काटा एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यात हजारांश दहा-पंधरा सेकंद जातात, म्हणून सेकंदाला शंभराच्या आसपासच फेऱ्या होतात. एसएसडीत फिरणारे काही नाही. ती अशा हजारो मागण्या सेकंदात पुरवते, आणि तिची घरघर माईकमध्ये उतरत नाही. तपासणे सोपे आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला दिसला तर दुखणे तेथे आहे. पुतण्याचा तसाच होता.

तेव्हा सत्तर हजारांचा विषय संपला. ५०० जीबीची एक एसएसडी आणि एक कॅडी घेतली. कॅडी म्हणजे डीव्हीडीची पेटी काढून त्या जागी दुसरी डिस्क बसवण्याची चौकट. ती ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर जाडीची येते, आधी मोजून मगच घ्यावी. एसएसडी मूळ जागी बसवून जुनी १ टीबीची हार्ड डिस्क कॅडीत, असा बेत. त्यापुढच्या लॅपटॉपांत एम-२ नावाची पट्टी बसते. तिच्यात साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती आहेत, दिसायला बहिणी, पण एकीची जागा दुसरीला चालेलच असे नाही. मॉडेल नंबरवरून खात्री केल्याशिवाय पैसे टाकू नयेत. काही लॅपटॉपांत, ॲपलच्या अलीकडच्या लॅपटॉपांत तर नेहमीच, डिस्क बदलताच येत नाही. तेथे यूएसबीवर बाहेरून लावायची एसएसडी घ्यावी.

एसएसडी लवकर झिजते अशी भीती दुकानदार घालतात. ५०० जीबीच्या बऱ्यापैकी एसएसडीवर साधारण दीडशे ते तीनशे टीबी लिहिण्याची हमी असते. आठ माईकवर रोज तीन तास काम केले तरी वर्षाला सुमारे साडेचार टीबीच होतात. दीडशे धरले तरी तीस वर्षे निघतात.

माल मात्र मोजून घ्यावा. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ५०० ची ४६५. ही लबाडी नव्हे. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, जसे एकाने गजाने मोजले आणि दुसऱ्याने मीटरने. खरी लबाडी वेगळी आहे. अगदी स्वस्तात १६ टीबीची म्हणून विकली जाणारी डिस्क आतून फोनचे लहानसे कार्ड निघते, आणि ते खोटा आकडा दाखवते. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचे मोफत सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून पुन्हा वाचून पाहते. नवी डिस्क कामाला लावण्याआधी एक रात्र ते चालवावे. थान उलगडून मोजण्यासारखेच ते आहे.

आता आमची चूक. सीझन तोंडावर आला म्हणून आम्हीच घाई लावली. जुनी डिस्क १ टीबीची, दोन भागांची, आणि नवी ५०० ची. नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने फक्त पहिला भाग आणला. लॅपटॉप झटकन सुरू झाला, तबला काही सेकंदांत उघडला, मुलाला वाटले सगळे आले. त्याने जुनी डिस्क फॉरमॅट करून कॅडीत बसवली आणि दोन दिवस तिच्यावर नवे काम केले. तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातला एक माणूस आला. त्याचे वालिद आयुष्यभर मागावर उभे राहिलेले, आवाज खणखणीत. त्यांच्या अकरा नात पुतण्याने आदल्या वर्षी रेकॉर्ड केल्या होत्या आणि हिवाळ्यात त्यांचा इंतकाल झाला होता. मुलगा त्या नात मागायला आला होता. त्या दुसऱ्या भागात होत्या.

पुतण्याने तेवढे शहाणपण केले की लॅपटॉप तत्काळ बंद केला आणि डिस्क बाहेर काढली. झटपट फॉरमॅट म्हणजे खतावणीचे पान फाडणे, माल गोदामातच पडून असतो, जोवर त्याच्यावर नवा माल रचला जात नाही. दुसऱ्या संगणकाला ती डिस्क लावून शोधणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालवले. नऊ नात पूर्ण मिळाल्या. दोन अर्ध्यावर तुटल्या, त्या दोन दिवसांच्या कामाखाली गेल्या. डिस्क फिरती होती म्हणून एवढे तरी मिळाले. एसएसडीवर पुसलेली जागा ती स्वतःच मोकळी करून टाकते, तेथून परत मिळण्याची आशा फार थोडी. ज्यांचे त्यांना आम्ही स्वतः नेऊन दिले. तुटलेल्या दोनही दिल्या. त्यांनी काही बोलले नाही.

लॅपटॉप अजून त्याच कामावर आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एवढ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून पुतण्या तो नेटला जोडत नाही. चालू काम एसएसडीवर, त्याची नक्कल कॅडीतल्या डिस्कवर, आणि तिसरी प्रत एका वेगळ्या हार्ड डिस्कवर. वर्षानुवर्षे वीज न लावता ठेवायची तर हार्ड डिस्कच बरी, एसएसडी नव्हे. ती डिस्क आमच्या दुकानात, वहीखात्यांच्या कपाटात असते. शुक्रवारी रेकॉर्डिंग उरकले की पुतण्या येऊन घेऊन जातो आणि शनिवारी दुकान उघडायच्या वेळी परत आणून ठेवतो.