‘रक्त कमी’ एवढेच लिहिले असेल तर?

खामगाव-मलकापूरच्या कापूस बाजारात पावतीवर मालाची प्रत लिहायची राहिली, तर जाणता मुनीम ती मनाने लिहीत नाही. ज्याने माल पाहिला त्याला विचारतो. मेडिकल कोडिंगचे काम असेच आहे. डॉक्टरांच्या कागदावरून आजाराचा क्रमांक द्यायचा आणि त्यावर रुग्णालयाचे बिल ठरते. पुणे, हैदराबाद, चेन्नई येथील कंपन्यांत अमेरिकन रुग्णालयांसाठी हे काम चालते. बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या दुकानदार-कारागीर बांधवांची विज्ञान, फार्मसी, नर्सिंग शिकलेली मुले त्यात शिरू शकतात. मात्र मेख कोठे आहे ते आधी पाहावे.

समजा, खुब्याच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे हिमोग्लोबिन १३ होते, नंतर ८ झाले. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. डॉक्टरांनी लिहिले फक्त ‘ॲनिमिया’. नवशिक्याला वाटते, रक्तस्रावानेच झाले हे उघड आहे. म्हणून तो डी ६२, म्हणजे तीव्र रक्तस्रावाचा ॲनिमिया, हा क्रमांक टाकतो. हे चूक. नुसत्या ‘ॲनिमिया’ला डी ६४.९ हाच क्रमांक. तपासणीचे आकडे पाहून निदान करण्याचा अधिकार कोडरला नाही.

याहून फसवा शब्द म्हणजे ‘रक्तस्रावामुळे ॲनिमिया’. यात ‘तीव्र’ हा शब्द नसेल, तर अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेली सूची आपल्याला डी ५०.० कडे नेते. तो मूळव्याध, अल्सर यांसारख्या जुन्या, हळूहळू होणाऱ्या रक्तस्रावाचा क्रमांक! आणि ‘शस्त्रक्रियेत अपेक्षित रक्तस्राव’ एवढेच लिहिले असेल, तर ॲनिमियाचा क्रमांकच लागत नाही.

एका शब्दाचे एवढे मोल का? तेथील सरकारी विमा योजनेत डी ६२ हा गुंतागुंतीचा आजार धरला जातो आणि पुष्कळ प्रकरणांत रुग्णालयाला जास्त पैसे मिळतात, डी ५०.० ला तसे मिळत नाहीत. म्हणूनच तपासनीस हीच प्रकरणे उकरून काढतात. कागदात आधार नसेल तर पैसे परत द्यावे लागतात. उलट खरा डी ६२ सुटला, तर रुग्णालयाचे हक्काचे पैसे बुडतात. सचोटी दोन्हीकडून लागते.

मग उपाय? डॉक्टरांना लेखी विचारणा. तीही जपून, कारण ‘तीव्र रक्तस्रावाचा ॲनिमिया लिहाल का?’ असे उत्तर सुचवणारे विचारणे नियमात बसत नाही. हिमोग्लोबिनचे दोन्ही आकडे, रक्त चढवल्याची नोंद समोर ठेवावी आणि तीव्र रक्तस्राव, जुना रक्तस्राव, अन्य कारण, सांगता येत नाही, असे पर्याय द्यावेत. उत्तर येईपर्यंत फाईल थांबवावी, वरिष्ठ कितीही घाई करोत.