चंद्राचं वर्ष, शेताचं वर्ष

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं ते गणित चुकवायला, असं मित्र म्हणतात आणि ते फारसं खोटं नाही. पण कवितेत चंद्र आला की लोक चंद्राविषयी प्रश्न विचारतातच. त्यातला एक प्रश्न तिसगावात मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचं उत्तर शोधण्यासाठी मला टाळलेल्या गणिताकडे परत जावं लागलं.

अलीकडे तो प्रश्न शेजारच्या वस्तीवरच्या सातवीतल्या मुलाने विचारला. "चाचा, चंद्र तर एकच आहे. तुमची ईद चंद्रावर, आमची दिवाळीही चंद्रावर. मग दिवाळी फिरून फिरून थंडीच्या तोंडालाच येते आणि ईद कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात, कधी हिवाळ्यात, असं का?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी पृथ्वी, चंद्र आणि सूर्य तिघांनाही बोलवावं लागतं.

आधी चंद्राचं पाहू. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं चांगल्या शिकलेल्या माणसांनाही वाटतं. ते खरं नाही. घरी करून बघा. खोली अंधारी करा, एकच बल्ब लावा. तो सूर्य. तुमचं डोकं ही पृथ्वी. हात लांब करून मोसंबी धरा, तो चंद्र. मोसंबी बल्बच्या बाजूला धरली, की तिचा उजेडाचा भाग पलीकडे जातो आणि काळोखी बाजू तुमच्याकडे येते. ही अमावास्या. आता स्वतःभोवती डावीकडे वळत जा. आधी उजव्या कडेला उजेडाची कोर दिसेल, मग अर्धी मोसंबी उजळेल, आणि बल्बकडे पाठ झाली की सगळी उजळेल. ही पौर्णिमा. चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजेडात असतो. त्यातला किती आपल्या वाट्याला दिसतो, एवढाच कलांचा प्रश्न आहे. पाठ बल्बकडे असताना डोक्याची सावली मोसंबीवर पडली, तर ते ग्रहण. चंद्राचा मार्ग सुमारे ५ अंशांनी कललेला असल्यामुळे तो बहुतेक वेळा त्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.

एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास आणि ४४ मिनिटं लागतात. म्हणजे साडेएकोणतीस दिवसांहून जरासं जास्त. म्हणूनच चंद्राचा महिना कधी २९ दिवसांचा, कधी ३० दिवसांचा. एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळी गल्ली गच्चीवर चढते ती या अर्ध्या दिवसामुळे. कोर दिसली तर उद्या ईद. नाही दिसली, ढग आले, तर तीस पूर्ण करायचे.

इथेच दुसरा प्रश्न येतो. अरबस्तानात ईद आज आणि आपल्याकडे उद्या, असं का? अमावास्येनंतर चंद्र सूर्यापासून दिवसाला सुमारे १२ अंश, म्हणजे तासाला अर्धा अंश दूर सरकतो. मक्केत सूर्य आपल्यानंतर सव्वादोन-अडीच तासांनी मावळतो. तेवढ्यात चंद्र सूर्याच्या झगमगाटातून आणखी एक-सव्वा अंश बाहेर पडलेला असतो. आपल्याकडे जी कोर हरवलेली असते, ती पश्चिमेच्या माणसाला सापडण्याची शक्यता जास्त. चंद्र एकच आहे, पण प्रत्येक गावाची संध्याकाळ वेगळी आहे. शिवाय कोर डोळ्यांनी पाहायची की गणिताने धरायची, यावरही वेगवेगळ्या देशांची रीत वेगळी आहे.

आता मूळ प्रश्न. चंद्राचे असे बारा महिने धरले तर ३५४ दिवस होतात. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी मात्र सुमारे सव्वातीनशे पासष्ट दिवसांची. दोघांत अकरा दिवसांचा फरक. या अकरा दिवसांचं काय करायचं, यावर माणसांनी दोन उत्तरं काढली.

हिजरी कालगणनेने सांगितलं, काहीच करायचं नाही. चंद्राचे बारा महिने झाले की वर्ष संपलं. इस्लामपूर्व अरबस्तानात महिना वाढवण्याची किंवा पुढे ढकलण्याची चाल होती, ती कुराणाने बंद केली. त्यामुळे रमजान ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. आपल्याकडे ती २०२२ साली ३ मे, २०२३ साली २२ एप्रिल आणि २०२४ साली ११ एप्रिलला झाली. असं सरकत सरकत सुमारे तेहतीस वर्षांत रमजान सगळे ऋतू फिरून मूळ जागी येतो. याचा एक गमतीचा भाग असा, की हिजरी हिशोबाने माणूस दर तेहतीस वर्षांमागे एका वर्षाने जास्त म्हातारा होतो.

पंचांगाने दुसरं उत्तर दिलं. अकरा-अकरा दिवस साठू द्यायचे आणि महिनाभराचे झाले की एक महिना जादा धरायचा. हा आपला अधिक मास, गावाकडचा धोंड्याचा महिना. सूर्य महिन्या-महिन्याला एक रास ओलांडतो. ज्या चांद्रमहिन्यात तो एकही रास ओलांडत नाही, तो महिना अधिक. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी तो येतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. २०२१ साली लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होतं, २०२२ साली २४ ऑक्टोबरला. म्हणजे ईदेसारखीच दिवाळीही अकरा दिवस मागे आली. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि दिवाळी एकदम १२ नोव्हेंबरला गेली. आमच्या शेजारच्या मढीची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. तीही मागे-पुढे होते, पण उन्हाळ्याच्या तोंडावरच राहते. तिला अधिक महिन्याने जागेवर बांधून ठेवलं आहे.

पण ऋतू तरी सूर्याला का बांधलेले? पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. तेव्हा आपण शेकोटीभोवती बसलेले असतो. जुलैच्या सुरुवातीला हेच अंतर १५.२ कोटी किलोमीटर असतं. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. कधी आपली बाजू सूर्याकडे झुकते, ऊन डोक्यावरून येतं आणि दिवस मोठा होतो. कधी ती पलीकडे झुकते, ऊन तिरपं येतं आणि दिवस लहान होतो.

हे कळायला दुर्बीण लागत नाही. अंगणात एक मीटरची सरळ काठी उभी रोवा. तिसगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १९.२ अंशांवर आहे. इथे २२ डिसेंबरच्या भर दुपारीसुद्धा तिची सावली सुमारे ९२ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास काठीएवढी पडते. पुढे ती रोज आखडत जाते आणि मेच्या मध्याला एका दुपारी नाहीशी होते. काठी आहे, ऊन आहे, सावली नाही. मग दहा आठवडे दुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, ढगांनी कृपा केली तर, ती पुन्हा एकदा नाहीशी होताना दिसते. दिल्लीकरांना हे कधीच दिसत नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. मात्र घड्याळात बारा वाजता सावली बघू नका. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या साडेसात अंश पश्चिमेला. आमचा सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास.

मुसलमानांचा सगळा हिशोब चंद्रावर, असं म्हणणाऱ्यांना मी हीच काठी दाखवतो. महिना चंद्राचा खरा, पण रोजची नमाज सूर्यावर चालते. सूर्य माथ्यावरून ढळला की जोहरची वेळ सुरू होते. सावली दुपारच्या मूळ सावलीपेक्षा काठीच्या लांबीएवढी वाढली, की शाफई पंथात असरची वेळ होते. हनफी पंथात ती दुप्पट वाढावी लागते. घड्याळं नव्हती तेव्हा मशिदीच्या अंगणातली काठी हेच घड्याळ होतं.

आणि मुसलमान शेतकरी? त्याचं तिसरं पंचांग मृगाचं. रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्याचं नाव. म्हणून मृग चंद्रासारखा अकरा दिवस मागे जात नाही, ७-८ जूनलाच निघतो.

१९८३ च्या जूनमध्ये मी तेरा वर्षांचा होतो. पहिल्यांदाच महिनाभराचे सगळे रोजे धरायचे ठरवले होते. मृग निघाला आणि पाठोपाठ रमजान लागला. आमच्याकडे तेव्हा दिवस सव्वातेरा तासांचा असतो, सेहरी धरली तर उपवास त्याहून मोठा. अब्बा रोजा ठेवून बाजरीची पाभर धरायचे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरचे काका न बोलावता आले, त्यांच्या हातातून पाभर घेतली आणि त्यांना बाभळीखाली बसवलं. मी चिडून विचारलं, रमजान नेमका पेरणीतच का येतो? अब्बा म्हणाले, "रमजान शेताचं ऐकत नाही आणि मृग रमजानचं ऐकत नाही. दोघांना सांभाळायचं ते आपणच. मी तुझ्याएवढा असताना रमजान असाच मृगात आला होता. आता परत येईल तेव्हा मी नसेन, तू असशील."

पुढे मी पडताळून पाहिलं. १९५०, १९८३, २०१६. तिन्ही सालांत रमजान जूनमध्ये लागला. शाळा फारशी न शिकलेल्या माणसाचं गणित बरोबर होतं. २०१६ साली, दोन कमी पावसाच्या वर्षांनंतर, मी त्याच बांधावर रोजा ठेवून उभा होतो. अब्बा नव्हते.

दोघांना सांभाळण्याची ही कसरत आमच्या घरापुरती नव्हती, हे मला जुन्या मराठी कागदपत्रांमुळे कळलं. शेतसारा पिकावर वसूल व्हायचा आणि पीक सूर्यावर येतं. हिजरी वर्ष तर पिकाच्या पुढे पळतं. म्हणून दख्खनमध्ये शुहूर सन चालू झाला. तो सूर्य मृगात शिरला की बदलायचा, त्याला मृगसालच म्हणत. पण त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस. शंभराला मया, हजाराला अलफ. 'सलास सबैन व अलफ' म्हणजे १०७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १६७२ येतो. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या मराठी कागदांवर हा सन सर्रास सापडतो. हिजरी ७४५, म्हणजे इसवी सन १३४४ पासून तो मोजतात. सुरुवातीला दोन्ही आकडे एकच होते. आज हा सन चालू असता तर २०२४ च्या मृगाला १४२५ लागलं असतं. तेव्हा हिजरी साल होतं १४४५. अकरा-अकरा दिवसांनी मिळून पडलेलं हे वीस वर्षांचं अंतर. शब्द अरबी, नक्षत्र मृग आणि लिहिणारा मराठी कारकून. त्यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

मृगही अगदी अढळ नाही बरं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डुलतो, त्यामुळे नक्षत्रांवर मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं आहे. साधारण ७१ वर्षांत एक दिवस पुढे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. आता संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. दिवस मात्र २२ डिसेंबरनंतरच मोठा होऊ लागतो.

हे सगळं मी त्या मुलाला बांधावर बसून सांगितलं. १९८३ साली अब्बांच्या हातातून पाभर घेणाऱ्या काकांचा तो पणतू. त्याने बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "म्हणजे पुढचा मृगातला रमजान २०४९ ला. पण चाचा, तेव्हा मृगात पाऊस असेल का?"

याचं उत्तर हिजरीत नाही, पंचांगात नाही आणि शुहूर सनातही नाही. कालगणना सूर्य-चंद्र कुठे असतील ते सांगते, ढग कुठे असतील ते नाही. मी त्याला एवढंच सांगितलं, की अंगणात काठी रोव आणि वहीत दोन रकाने आख. एकात दुपारची सावली लिही, दुसऱ्यात पाऊस. पहिला रकाना मी तुला आजच भरून देऊ शकतो. दुसरा तुलाच रोज भरावा लागेल.